एक्स्पिरियन्स डिझाइनचा पहिला प्रकल्प: एसटी स्टँडवर कसा करावा

एक्स्पिरियन्स डिझाइन म्हणजे एखादी वस्तू किंवा सेवा वापरताना माणसाला येणारा अनुभव आखणं. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात इंटरॅक्शन डिझाइनचं (माणूस यंत्राशी कसा वागतो त्याच्या आखणीचं) एम.डेस., म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, करायचं तर सीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बेंगळुरू शाखेत जायचं तर डॅट. परीक्षांवर क्लासवाले भरपूर बोलतात. इथे इतकंच सांगतो की सीडचा निकाल एकच वर्ष चालतो आणि भाग अ मध्ये मागे पडलात तर भाग ब तपासलाच जात नाही.

मुलाखतीत आणि पुढे पहिल्या सत्रात कस लागतो तो एका नीट केलेल्या प्रकल्पाचा. बऱ्याच पोर्टफोलिओंत (आपल्या कामाच्या संग्रहांत) एखाद्या गाजलेल्या अ‍ॅपचे स्क्रीन नव्या रंगांत काढलेले असतात; ते कोणासाठी बदलले हे विचारलं की उत्तर येत नाही. त्यापेक्षा आपल्या तालुक्याचं एसटी स्टँड घ्या. फुकट आहे, रोज चालू असतं आणि तिथे शाळकरी पोरापासून मोफत प्रवास करणाऱ्या पंचाहत्तरीपुढच्या आजोबांपर्यंत सगळे भेटतात. सहा आठवडे धरा.

विषय लहान करा

'एसटीचा अनुभव सुधारणे' हा प्रकल्प होत नाही, ती घोषणा झाली. 'या स्टँडवर पहिल्यांदा आलेला प्रवासी आत शिरल्यापासून योग्य गाडीत बसेपर्यंत' एवढंच घ्या. माणूस कोण, काम कोणतं, सुरुवात कुठे आणि शेवट कुठे, हे चारही एका वाक्यात बसले नाहीत तर विषय अजून मोठा आहे.

आधी नुसतं बघा

कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र घेऊन आगार व्यवस्थापकांची परवानगी काढा. फोटोत चेहरे येऊ देऊ नका. दीड-दीड तासाच्या किमान चार बैठका करा: सकाळची गर्दी, दुपारची सामसूम, बाजारचा दिवस आणि शेवटच्या गाडीची वेळ. वहीच्या पानाचे तीन रकाने करा: वेळ, जे दिसलं ते, आणि त्यावरून मला काय वाटलं ते. दुसरा आणि तिसरा रकाना एकमेकांत मिसळला की पुढचं सगळं विश्लेषण नासतं. 'बाई गोंधळल्या' हा तिसरा रकाना. 'बाईंनी पाटी वाचली, मागे वळल्या, वाहकाला विचारलं' हा दुसरा.

चौकशी खिडकीजवळ उभं राहून प्रश्नांच्या खुणा करा. 'गाडी किती वाजता?' आणि 'गाडी लागली का?' हे दोन प्रश्न वेगवेगळे मोजा. भिंतीवरचं वेळापत्रक पहिल्याचं उत्तर देतं. दुसऱ्याचं, म्हणजे गाडी येऊन गेली की अजून यायचीय याचं, कुठलाच रंगवलेला फलक देऊ शकत नाही. शिवाय बऱ्याच स्थानकांत गाडी तोंड फलाटाकडे करून लागते, त्यामुळे ती वळेपर्यंत पुढची पाटी वाचता येत नाही. लोक धावतात ते त्यामुळे. शिस्तीचा प्रश्न नंतरचा.

मग बोला

सहा ते आठ जण, प्रत्येकी पंधरा मिनिटं. रेकॉर्डिंगआधी विचारा आणि गाडी लागली की माणसाला लगेच सोडा. 'मावशी, अ‍ॅप असतं तर वापराल का?' असं विचारू नका. समोरच्याचं मन राखायला लोक हो म्हणतात. 'मागच्या वेळी गाडी चुकली तेव्हा काय केलंत?' असं घडून गेलेल्या गोष्टीबद्दल विचारा.

सगळ्या नोंदी चिठ्ठ्यांवर उतरवा, एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. शंभरच्या आसपास होतात. मग जुळणाऱ्या चिठ्ठ्या एकत्र ठेवून गट करा. ही पद्धत जपानचे मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांची, आणि तिचा कणा असा की गट चिठ्ठ्यांतून तयार व्हायला हवेत. 'माहिती', 'स्वच्छता', 'सुरक्षा' अशी लेबलं आधीच लावलीत तर चिठ्ठ्या निमूट त्यांत जाऊन बसतात आणि नवं काहीच कळत नाही. गटाला नाव पूर्ण वाक्यात द्या: 'गाडी गेली की यायचीय हे कळत नाही.' कुठेच न बसणाऱ्या चिठ्ठ्या फेकू नका.

नमुना (प्रोटोटाइप) खऱ्या आकारात

फलक सुचवत असाल तर तो लॅपटॉपवर तपासून उपयोग नाही. पुठ्ठ्यावर पूर्ण आकारात करा. ढोबळ हिशेब: दर तीन मीटर अंतराला सुमारे २५ मिलिमीटर अक्षर, म्हणजे दहा मीटरवरून वाचायचं तर ८०च्या पुढे. हे माप रोमन अक्षरांवर बेतलेलं आहे. देवनागरीत ते शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत धरा, मात्रा-उकार वगळून, आणि प्रत्यक्ष उभं राहून खात्री करा.

मराठी मजकुरात चुका ठरलेल्या असतात. इंग्रजीसाठी ठेवलेलं ओळींमधलं अंतर तसंच राहिलं तर 'र्की'सारख्या अक्षरांचे रफार कापले जातात किंवा वरच्या ओळीच्या उकारांना भिडतात. अक्षराच्या आकाराच्या दीडपटीपासून सुरुवात करा. वेब पानावर भाषा मराठी नोंदवली नाही तर काही फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मुक्ता, बालू किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या. तिन्ही मोफत आहेत. आणि नमुन्यात 'पुणे' लिहून खूश होऊ नका. 'छत्रपती संभाजीनगर' आणि त्यापुढे 'मार्गे अहिल्यानगर' बसवून बघा. मांडणी तिथेच मोडते. जुन्या नावाने विचारणारा प्रवासीही चाचणीत असू द्या.

चाचणी

वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब निल्सन यांनी नमुन्याची पाच जणांवर चाचणी पुरते असं म्हटलं, पण ते एकाच प्रकारच्या वापरकर्त्यांबद्दल आणि चाचणी, दुरुस्ती, पुन्हा चाचणी अशा फेऱ्या धरून. काम सांगताना उत्तर फोडू नका. 'फलाट क्रमांक शोधा' असं म्हटलंत की तुम्हीच बोट दाखवलंत. 'तुम्हाला बार्शीला जायचंय, कुठे उभे राहाल?' एवढंच विचारा आणि गप्प राहा. माणूस अडला की मदत करायचा मोह होतो. मनात दहा आकडे मोजा. निकालात 'पाचपैकी तिघे चुकीच्या फलाटावर गेले' असं लिहा. पाच जणांवरून '६० टक्के' लिहिलंत तर परीक्षक तिथेच थांबवतील.

पोर्टफोलिओत या प्रकल्पाला आठ-दहा पानं पुरतात. निम्मी पानं निरीक्षण आणि फसलेल्या नमुन्यांना द्या, कारण 'हे कशावरून ठरवलं?' हाच प्रश्न फिरून फिरून येतो. प्रकल्प गटाने केला असेल तर पहिल्याच पानावर आपलं काम कोणतं ते लिहा. मुलाखतीत विचारल्यावर सांगितलं की ते सारवासारव वाटतं.