कर्क्युमिन त्वचेत मुरवण्यासाठी लिपिड नॅनोकणांची जेल

हळद लावलेल्या अंगाचा पिवळेपणा काही दिवसांत उतरतो, कारण हळदीतील कर्क्युमिन हे पिवळे द्रव्य बहुतेक स्ट्रॅटम कॉर्नियम या मृत पेशींच्या बाहेरच्या थरातच राहते आणि त्या पेशींबरोबर झडून जाते. हा थर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाड असतो. कर्क्युमिनचा रेणुभार सुमारे ३६८, म्हणजे त्वचेतून शिरण्यासाठी साधारणपणे मानल्या जाणाऱ्या ५०० डाल्टनच्या मर्यादेत आहे. खरी अडचण अशी की ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि न विरघळलेला स्फटिक त्वचेत शिरू शकत नाही. यावर उपाय म्हणून वापरायचे लिपिड नॅनोकण, म्हणजे स्निग्ध पदार्थाचे अतिसूक्ष्म कण, बहुधा अखंड स्वरूपात हा थर ओलांडत नाहीत. ते औषध, म्हणजे येथे कर्क्युमिन, विरघळलेल्या अवस्थेत त्वचेलगत आणून ठेवतात, आणि त्यांचा पातळ पापुद्रा बाष्पीभवन कमी करून त्वचा ओलसर राखतो.

प्रथम कर्क्युमिन कोणत्या लिपिडमध्ये अधिक विरघळते हे तपासावे. केवळ घन लिपिड वापरल्यास साठवणुकीत त्याची स्फटिकरचना अधिक सुबक होत जाते आणि औषध बाहेर ढकलले जाते; म्हणून ग्लिसरिल मोनोस्टिअरेट या घन लिपिडचे ७ भाग आणि ओलिइक आम्ल या द्रव लिपिडचे ३ भाग अशा मिश्रणापासून सुरुवात करणे मला अधिक योग्य वाटते. हे मिश्रण वितळणबिंदूपेक्षा ५ ते १० अंश अधिक तापमानावर वितळवून त्यात कर्क्युमिन विरघळवावे, पोलोक्झामर १८८ या कण स्थिर ठेवणाऱ्या पदार्थाच्या तितक्याच गरम, पाण्यातील द्रावणात वेगाने ढवळत मिसळावे आणि लगेच प्रोब सोनिकेटरने (ध्वनिलहरींच्या उपकरणाने) कण बारीक करावेत. द्रावण थंड असेल, तर लिपिड वेळेआधीच गोठून गुठळ्या होतात. कणांचा आकार १०० ते २०० नॅनोमीटर आणि पीडीआय (कणांच्या आकारांतील तफावतीचा निर्देशांक) ०.३ पेक्षा कमी असावा.

कणांत किती औषध सामावले हे मोजताना सर्वाधिक दक्षता घ्यावी. बाहेर राहिलेले कर्क्युमिन द्रावणात न राहता स्फटिक होऊन बसते. हे स्फटिक सेंट्रिफ्यूजमध्ये कमी वेगाने फिरवून आधी वेगळे केले नाहीत, तर तेही कणांतच असल्याचे धरले जाते आणि आकडा खोटा फुगतो.

तयार मिश्रण कार्बोपोल या घट्टपणा आणणाऱ्या पॉलिमरच्या जेलमध्ये हळुवार मिसळावे. ट्रायइथेनॉलअमाइन हा अल्कधर्मी पदार्थ थेंबाथेंबाने घालून सामू ५.५ ते ६ च्या आसपास थांबवावा आणि त्यानंतर कणांचा आकार पुन्हा मोजावा.

चाचणीसाठी फ्रान्झ डिफ्यूजन सेल (वर जेल, खाली द्रावण आणि मध्ये त्वचा अशी रचना असलेले पात्र) आणि डुकराच्या कानाची त्वचा वापरावी. ती मानवी त्वचेशी बरीच मिळतीजुळती असते. त्वचेच्या पृष्ठभागाचे तापमान ३२ अंश सेल्सिअस ठेवावे. त्वचेखालच्या ग्राही द्रावणासाठी सवयीने ७.४ सामूचा फॉस्फेट बफर (सामू स्थिर ठेवणारे द्रावण) घेणे येथे घातक ठरते, कारण जवळपास तशाच सामूवर आणि ३७ अंशांवर साध्या बफरमधील सुमारे ९० टक्के कर्क्युमिन अर्ध्या तासात विघटित होते. त्याऐवजी ५.५ सामूचा बफर घेऊन त्यात कर्क्युमिन विरघळावे म्हणून थोडे ट्वीन ८० मिसळावे आणि प्रकाश टाळण्यासाठी सेल अॅल्युमिनियमच्या फॉइलने झाकावा.

प्रयोगाच्या शेवटी त्वचा पुसून चिकटपट्टीने थर एकेक करून काढावेत आणि पट्ट्यांवरील, उरलेल्या त्वचेतील व ग्राही द्रावणातील कर्क्युमिन वेगवेगळे मोजावे. साध्या कर्क्युमिनची आणि औषधविरहित कणांची जेलही त्याच दिवशी, त्याच कानाच्या त्वचेवर तपासावी.