पेठेतल्या वाड्याची कच्च्या विटांची भिंत दुरुस्त करून घेताना

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांतले मातीचे वाडे ढासळले. पुढे त्या जागांवर सिमेंटच्या इमारती चढल्या, तसं गवंड्याचं शिकणंही बदललं. पूर्वी पोरगा बापाच्या हाताखाली चिखल तुडवत थापीपर्यंत पोचायचा. आज मजूर अड्ड्यावर भेटणारा मिस्त्री कसबी असला तरी त्याचा हात सिमेंटवर बसलेला असतो. म्हणून काम सुरू होण्याआधी काही गोष्टी त्याच्याशी स्पष्ट बोलून घ्या.

भाजलेली वीट पाण्यात बुडवून लावतात. कच्ची, म्हणजे न भाजता नुसती वाळवलेली, बुडवली तर तिचा चिखल होतो, तेव्हा बसवताना फक्त पाण्याचा हात फिरवायचा. सांध्यात विटेचीच माती चाळून केलेला गारा, जाडी अर्धा इंच. दिवसाला दोन-तीन फुटांच्या वर चढू नये, कारण खालचा ओला गारा दबून भिंत ओळंब्यातून जाते, म्हणजे तिरकी होते. चौरस फुटाच्या ठेक्यात हे पाळलं जात नाही. काम रोजावरच द्या.

नव्या विटा दिवाळीनंतर थापा. नुसती काळी माती वाळताना आक्रसते आणि वीट तडकते, तिच्यात वाळू किंवा बारीक मुरूम हवाच. बाटलीत एक भाग माती, दोन भाग पाणी हलवून दिवसभर ठेवा: तळाला वाळू, मध्ये गाळ, वर चिकण बसते. चिकण साधारण पाचवा हिस्सा असावी. बोटभर कापलेला भाताचा पेंढा घालून चिखल दोन दिवस मुरवा, पुन्हा तुडवा. थापलेल्या विटा दोन-तीन दिवस सावलीत, मग कडेवर उभ्या करून तीन-चार आठवडे. सुकलेली वीट दोन टोकांवर टेकवून वर उभं राहा. मोडली तर मिश्रण बदला. कोपरे बोटाने झडत असतील तर चिकण कमी पडली आहे.

सगळ्यात जास्त नुकसान सिमेंटच्या गिलाव्याने होतं. जमिनीतून चढलेली ओल आत कोंडते, विटा मऊ पडतात आणि बाहेरून भिंत धडधाकट दिसत राहते. एके दिवशी गिलाव्याचा पापुद्रा विटांसकट सुटतो. त्याऐवजी माती, वाळू आणि तुसाचा गिलावा द्या, वरून चुन्याचा हात.

मातीकाम केलेला एखादा म्हातारा गवंडी सापडला आणि त्याला परांचीवर चढणं जमत नसेल, तरी त्याला पूर्ण रोज देऊन खाली बसवा. गारा त्याच्या हाताला पटल्याशिवाय वर चढवू नका, आणि तरुण मिस्त्र्याला पहिले तीन-चार थर त्याच्यासमोरच लावू द्या.