रोमन चांदीची नाणी घेताना या चुका टाळा

डिनेरियस, म्हणजे रोमनांचं नेहमीचं चांदीचं नाणं, हाती आला की बहुतेकांचा हात आधी चिंच-लिंबाकडे जातो. देवाच्या भांड्यांना ते ठीक, पण इथे काळसर थराबरोबर सम्राटाच्या केसांच्या बारीक रेषाही जातात आणि भाव उतरतो. माती चिकटलेली असेल तर डिस्टिल्ड पाण्यात दोन-तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला. एवढंच. सम्राट गॅलिएनसच्या काळातल्या नाण्यांवर (इ.स. 260 नंतर) चांदीचा नुसता मुलामा असतो, घासलं की खालचं तांबं दिसणारच. खरी चांदीही जमिनीत राहून ठिसूळ होते, फरशीवर पडून तिचे तुकडे होतात. टेबलावर जाड कापड अंथरूनच नाणी हाताळा.

दुसरी चूक म्हणजे सगळ्या राजवटींना एकच वजन लावणं. ऑगस्टसचा डिनेरियस 3.8 ग्रॅमच्या आसपास भरतो. नीरोने इ.स. 64 च्या सुमारास तो 3.4 च्या जवळ आणला आणि चांदीही कमी केली. सेप्टिमियस सेव्हेरसचं नाणं वजनाला थोडंच हलकं, पण त्यात चांदी जेमतेम निम्मी. त्यामुळे आधी सम्राट ओळखा, मग 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा काढा. वजन फारच कमी आणि नाक, गाल किंवा कडेला तांबं डोकावतंय? मग ते चांदीचा पत्रा चढवलेलं, बहुधा त्याच काळातलं बनावट नाणं. तेही जमवणारे आहेत, पण अस्सलाचा भाव देऊ नका.

कडेची चीर पाहून घाबरू नका. ही नाणी घणाने ठोकून पाडत, त्या घावाने अशी चीर पडायची. चीर बोथट, उथळ असेल, अक्षरं साबणासारखी गुळगुळीत असतील, कडेवर सांधा दिसत असेल, तर नाणं साच्यात ओतलेलं आहे. दोन नाण्यांवर चीर, झीज आणि छाप मध्यापासून सरकल्याची जागा तंतोतंत सारखी असेल तर दोन्ही परत करा.

नाण्यावर ‘अँटोनिनस’ एवढंच वाचून सम्राट अँटोनिनस पायसचं लेबल लावू नका. काराकाला आणि एलागाबालस हे नंतरचे सम्राटही तेच नाव मिरवतात. चेहरा आणि उरलेला मजकूर पाहा. डोक्यावर किरणांचा मुकुट असलेली काराकालाचं चांदीचं नाणं म्हणजे अँटोनिनिअनस हा वेगळा, मोठा प्रकार, डिनेरियस नव्हे.

मऊ पीव्हीसी पाकिटं टाळा, नाण्यावर हिरवट चिकटा येतो. आलाच तर शुद्ध अॅसिटोन वापरा, नेलपेंट रिमूव्हर नाही.

दक्षिण भारतात सापडलेल्या टायबेरियसच्या काही नाण्यांवर सम्राटाच्या तोंडावरच छिन्नीचा घाव दिसतो. तो घाव प्राचीन असतो. बुजवायला जाऊ नका. आणि नाणं जमिनीत सापडलं असेल तर 1878 च्या कायद्यानुसार कलेक्टरला कळवा. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवायला 1972 च्या कायद्याने बंदी आहे, मग ते रोमन का असेना.