जुन्या पिकअपला दुसऱ्या इंजिनचं फ्लायव्हील बसवताना

कपाशीच्या हंगामात पिकअप उभी राहिली की भंगारातून दुसऱ्या इंजिनचं फ्लायव्हील (इंजिनच्या मागे फिरणारं जड चाक, ज्यावर क्लच बसतो) आणून बसवायची घाई होते. बोल्टची भोकं जुळली म्हणजे काम झालं, हा समज मात्र महागात पडतो.

गिअरबॉक्स उतरवला की दोन्ही फ्लायव्हील शेजारी ठेवा आणि व्हर्निअर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावा. आधी मधलं भोक मोजा. फ्लायव्हीलला केंद्रात तेच धरतं, बोल्ट फक्त आवळतात. क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकावर ते सैल बसत असेल तर सरळ परत करा.

मग क्रँकला टेकणाऱ्या बाजूपासून क्लच प्लेट घासते त्या बाजूपर्यंतची उंची. ती जुन्यापेक्षा जास्त भरली तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं) कायम दाबलेलं राहतं आणि भरल्या गाडीत क्लच घसरतो. कमी भरली तर पेडल तळाला टेकूनही गिअर खरखरतो. थोडा फरक क्लचच्या अॅडजस्टमेंटमध्ये निघतो, पण मागे वॉशर घालून उंची वाढवू नका.

रिंग गिअरचे, म्हणजे फ्लायव्हीलच्या कडेवरच्या दातेरी कड्याचे, दाते खडूची खूण करून मोजा, बाहेरचा व्यासही घ्या. सेल्फच्या (स्टार्टर मोटरच्या) पिनियनशी, म्हणजे छोट्या दातेरी चाकाशी, दाते जुळत नसतील आणि रिंगची बैठक सारखी असेल, तर जुनीच रिंग काढून चढवता येते. रिंग सगळीकडून सारखी, साधारण २०० ते २३० अंशांपर्यंत तापवा. रंग फिका सोनेरी आला की थांबा. निळी पडली तर दाते नरम होतात. दात्यांची उतरती कड पिनियन शिरतं त्या बाजूला हवी.

प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबणारी) फ्लायव्हीलच्या भोकांप्रमाणे घ्यावी लागते, क्लच प्लेटच्या आतल्या खाचा मात्र गिअरबॉक्सच्या शाफ्टप्रमाणे. पायलट बेअरिंगचं (क्रँकच्या टोकात त्या शाफ्टला आधार देणाऱ्या) आतलं मापही त्याच शाफ्टवरून.

तोल हा सगळ्यात फसवा भाग. काही इंजिनांत क्रँकचा उरलेला तोल फ्लायव्हीलच्या एका बाजूच्या जादा वजनावर साधलेला असतो. असं फ्लायव्हील दुसऱ्या इंजिनला लावलं की गाडी थरथरते आणि शेवटी क्रँकचे बेअरिंग जातात. शंका असेल तर तालुक्यात वेळ घालवू नका. अकोला, अमरावती किंवा नागपूरला क्रँक ग्राइंडिंगवाल्याकडे तोल तपासून घ्या.

बसवण्याआधी मागचं ऑइल सील बदला. बोल्ट नवे, आणि फ्लायव्हीलच्या जाडीप्रमाणे लांबीचे घ्या. लांब बोल्ट भोकाच्या तळाला टेकतो आणि आवळल्यासारखा नुसता वाटतो. समोरासमोरचे बोल्ट तीन फेऱ्यांत, क्रँक ज्या इंजिनची त्याच्या पुस्तकातल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) आवळा. शेवटी डायल गेज (काट्याने डगमग दाखवणारं माप) लावून एक फेरा हाताने फिरवा. काटा ०.१ मिमीच्या आसपास राहिला तर गिअरबॉक्स चढवा. जास्त हलला तर फ्लायव्हील उतरवून बैठक पुसा, बहुतेक वेळा तिथे कचरा किंवा गंज सापडतो.