बेळगाव भागात पर्यावरण विभागात नोकरी धरणाऱ्यांसाठी

पर्यावरणाची पदवी घेऊन कारखान्यात लागलेली मुलं आधी सीएसआरचं, म्हणजे कंपनीनं समाजासाठी करायच्या खर्चाचं, विचारतात. शाळेला बाक, गावात वृक्षारोपण. मी त्यांना सांगतो, आधी कारखान्याचं सांडपाणी कुठं जातं ते चालत जाऊन बघा.

उद्यमबाग, मच्छे भागात फाउंड्र्या आहेत, म्हणजे वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतून भाग बनवणारे कारखाने. तिथला खरा प्रश्न वाळूचा. साचा फोडून कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, काढला की काळी, जळकी वाळू उरते. मुठीत धरली की बोटं काळी होतात, रेझिननं, म्हणजे रासायनिक चिकट द्रव्यानं, बांधलेली असेल तर उग्र वास येतो. थोडी चाळून परत वापरतात, उरलेली ट्रॉलीत भरली जाते. ती ट्रॉली कुठं रिकामी होते, हे रजिस्टरपेक्षा ड्रायव्हरमामांना जास्त ठाऊक असतं. त्यांच्याशी बोला.

चिकोडी, अथणीकडे साखर कारखान्यात गेलात तर गळीत हंगामाची तयारी आधीपासून लागते. सांडपाण्याच्या टाकीत शेणकाला घालून जिवाणू वाढवून घ्यावे लागतात. मोळी टाकल्यावर, म्हणजे गाळप सुरू झाल्यावर, धावपळ करून काही साधत नाही, वास ओढ्याकाठच्या गावाला लगेच कळतो.

कागदपत्रांत प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र आधी वाचा, अटींसकट. घातक कचऱ्याचा वार्षिक अहवाल 30 जूनपर्यंत आणि पर्यावरण विवरणपत्र 30 सप्टेंबरपर्यंत जातं. वापरलेलं तेल साधारणपणे 90 दिवसांहून जास्त साठवता येत नाही.

आता सीएसआर. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं ते) 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यांपैकी एक जरी भरलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करावे लागतात. लहान फाउंड्री यात बसत नाही, पण तिचा धूर शेजाऱ्याच्या दारात जातोच. आणि धूळ पकडायचा बॅग फिल्टर सीएसआरमध्ये दाखवा असं कोणी सांगितलं तर स्पष्ट नाही म्हणा. दुसऱ्या कायद्यानं जे करणं भागच आहे, ते यात धरता येत नाही. गावाच्या वाट्याचा पैसा गावालाच मिळाला पाहिजे, यावर मी अडून बसतो.

कोणतं काम घ्यायचं ते ग्रामसभेत विचारा. आपण घरी मराठी बोलतो, कामगारांशीही चालून जातं, पण पंचायतीचे ठराव आणि सरकारी पत्रं कन्नडमध्ये येतात. वाचता येत नसेल तर रुजू होण्याआधीच शिकायला लागा, दुसऱ्याकडून वाचून घेतलेल्या पत्रावर सही करू नका.