उपकेंद्रातून ई-संजीवनी: कॉल लावण्याआधीची दहा मिनिटं आणि ऊसतोडीला निघालेला पेशंट

ई-संजीवनी या सरकारी व्हिडिओ-सल्ला सेवेवर डॉक्टर समोर दिसतात, पण त्यांना पेशंटला हात लावता येत नाही. नाडी, बीपी, साखर, सूज, पुरळ, जे काही आहे ते त्यांना उपकेंद्रातल्या सीएचओच्या (समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या) हातानं आणि तोंडानंच कळतं. मोजमाप चुकलं तर औषधही चुकतं. म्हणून इथे सर्वांत जास्त जागा मोजमापाला दिली आहे.

आधी कोणासाठी कॉल लावत बसायचं नाही ते पाहू. छातीत दुखून दरदरून घाम आलेला, तोंड वाकडं झालेला किंवा एका अंगातली ताकद गेलेला, धापेमुळे वाक्य पुरं न करता येणारा, झटके येणारा, साप चावलेला. गरोदर बाईचं बीपी १४०/९० किंवा वर आणि डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर तीही याच यादीत. १०८ ला फोन करा. डॉक्टरांशी बोलणं गाडी येईपर्यंत होतं, त्यासाठी गाडी थांबवू नका.

सकाळची तयारी

भारनियमनाची वेळ गावात सगळ्यांना पाठ असते, कॉल त्याआधी उरका. लॅपटॉप आणि मोबाईल दोन्ही चार्ज हवेत, कारण केंद्राचं नेट गेलं की मोबाईलच्या हॉटस्पॉटवरच काम चालतं. आवाज जात नसेल तर बहुतेक वेळा ब्राउझरनं पहिल्या दिवशी माइकची परवानगी विचारलेली असते आणि कोणीतरी 'ब्लॉक' दाबलेलं असतं. पत्त्याच्या पट्टीतल्या चिन्हावर दाबून ती परवानगी पुन्हा चालू करा. पेशंटला खिडकीकडे तोंड करून बसवा. खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळा दिसतो, आणि फिकेपणा किंवा कावीळ डॉक्टरांना कळत नाही.

बीपी

पेशंट चालत आलेला असतो, बहुतेक वेळा चहा पिऊन, तोंडात तंबाखू धरून. तोंड धुवायला लावा, अर्धा तास जाऊ द्या, त्यातली शेवटची पाच मिनिटं गप्प बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर आणि कफ छातीच्या पातळीवर. कफ कपड्यावरून बांधायचा नाही. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवली की ती दंडाला आवळते आणि आकडा बिघडतो. आडोसा करून हात बाहीतून काढायला सांगा. मशीनसोबत मिळणारा कफ साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर दंडाचा असतो. कोयता चालवणाऱ्या माणसाचा दंड त्याहून जाड निघाला आणि तोच कफ ओढूनताणून बांधला, तर बीपी खोटं वाढलेलं येतं आणि नको ती गोळी सुरू होते. एक टेप आणि एक मोठा कफ केंद्रात असायलाच हवा. एक मिनिट सोडून दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. नाडी अनियमित लागत असेल तर मशीनवर विसंबू नका, तसं डॉक्टरांना सांगा.

साखर

बोटाला गूळ, उसाचा रस, केळं काहीही लागलेलं असलं तरी साखर वाढलेली दिसते. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्यानं ते नीट निघत नाही. साबणानं हात धुऊन कोरडा करा, पहिला थेंब पुसा, दुसरा घ्या. स्ट्रिप बहुतेक कंपन्यांच्या ३० अंशांखाली ठेवायच्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत हे शक्य नाही, म्हणून डबी माठाजवळच्या गार कोपऱ्यात, कोरडी आणि झाकण घट्ट लावून ठेवा. डबी उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहा. मशीननं 'एचआय' दाखवलं तर तो बिघाड समजू नका. बऱ्याच मशीनवर त्याचा अर्थ ६०० च्या वर. पुन्हा एकदा तपासा, तेच आलं आणि उलट्या किंवा गुंगी असेल तर १०८.

ऑक्सिमीटरसाठी बोट गरम हवं, नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नको. पुरळ किंवा सूज असेल तर तिचा फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, एक लांबून आणि एक जवळून, शेजारी पट्टी ठेवून. काम झालं की तो फोटो स्वतःच्या मोबाईलमधून काढून टाका. तो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा नाही, कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवरसुद्धा नाही.

कॉलवर

२०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सल्लामसलत आरोग्य कर्मचाऱ्यानं सुरू केली तर पेशंटची स्पष्ट संमती घ्यावी लागते आणि तिची नोंद ठेवावी लागते. 'मावशी, डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलू का? तुमची माहिती त्यांना दिसेल' इतकं विचारलं तरी पुरतं. आकडे आणि फोटो आधी भरा, म्हणजे मध्येच चित्र गोठलं तरी डॉक्टरांपुढे कागद राहतो. मग अर्ध्या मिनिटात मांडा, असं:

'बाई, वय ४८, ऊसतोड कामगार. तीन आठवडे चक्कर, डोकं जड. बीपी १६४/१०२ आणि १६०/१००, मोठ्या कफनं. रँडम साखर १३२. पायाला सूज नाही, छातीत दुखत नाही. गर्भपिशवी चार वर्षांपूर्वी काढली. अंगदुखीसाठी रोज मेडिकलची गोळी घेतात, पाकीट माझ्या हातात आहे. केंद्रात अम्लोडिपिन ५ आहे, टेल्मिसार्टन ४० संपलंय. दसऱ्यानंतर सहा महिने गावात नसतील.'

यातलं शेवटचं आणि पाकिटाचं वाक्य पेशंट आपणहून सांगत नाही. अंगदुखीच्या बऱ्याच गोळ्यांनी बीपी वाढतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो, त्यामुळे ते काढून घेणं सीएचओचं काम. गर्भपिशवीचं मुद्दाम विचारा. बीडच्या ऊसतोड बायकांमधल्या या शस्त्रक्रियांवर राज्य सरकारला २०१९ मध्ये समिती नेमावी लागली होती. औषधांचा साठा कॉलच्या आधी ई-औषधी या सरकारी साठा-नोंदीच्या प्रणालीवर पाहिला नाही, तर डॉक्टर जे लिहितील ते पेशंटला विकत घ्यावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते घेतलंच जात नाही.

कॉल तुटला तर व्हिडिओ बंद करून नुसत्या आवाजावर या. पेशंटची नव्यानं नोंद करू नका. 'कोंडिबा', 'कोंडीबा' अशा दोन नोंदी झाल्या की पुढच्या वेळी अर्धा इतिहास हरवतो. नाव आधारवर आहे तसंच लिहा. आभाचा, म्हणजे डिजिटल आरोग्य खात्याचा, १४ अंकी क्रमांक असेल तर हा घोळ टळतो, मात्र ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर जातो आणि तो पुण्यातल्या मुलाच्या खिशात असतो. अशा वेळी आभा नंतर काढा. आभा ऐच्छिक आहे, त्याच्यावाचून उपचार अडवायचा नाही.

पलीकडच्या डॉक्टरांसाठी दोनच गोष्टी. पोट दाबून पाहिल्याशिवाय काही ठरवता येत नसेल तर गोळी लिहू नका, पेशंटला बोलवा. तसा निर्णय घ्यायचा अधिकार त्याच मार्गदर्शक तत्त्वांनी दिला आहे. आणि 'गरज वाटल्यास या' असं न लिहिता तारीख लिहा.

कारखान्याला जाण्याआधी

दसरा ते दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. बीपी-शुगरचे पेशंट उपचारातून इथेच सुटतात. भाद्रपदातच एनसीडी (बीपी, मधुमेहासारखे असंसर्गजन्य आजार) पोर्टलवरच्या यादीतून आणि आशाताईंच्या माहितीतून जाणाऱ्यांची वेगळी यादी काढा. प्रत्येकाचे दोन फोन नंबर घ्या: त्याचा स्वतःचा आणि गावात मागं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा. मुकादमाचा, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराचा, नंबर घालू नका. आजार मुकादमाला कळला तर उचलीवर (आगाऊ मिळणाऱ्या पैशांवर) परिणाम होईल ही भीती पेशंटला असते, आणि त्या भीतीनं तो पुढच्या वेळी येणारच नाही.

जास्त दिवसांच्या गोळ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून आधीच मंजूर करून घ्या. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पेशंट दिवसभर उन्हात फडात काम करणार आहे हे डॉक्टरांना मुद्दाम सांगा. पाणी कमी पडलं की गरगरून पडायला होतं. स्ट्रिपमधून गोळ्या सुट्या करू नका, झाकणाच्या डब्यात द्या, कारण कोपीत (तोडीच्या जागी राहायच्या झोपडीत) दव आणि धूर दोन्ही असतात. कार्डावर मराठीत औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, सकाळी की रात्री, शेवटचं बीपी आणि आभा क्रमांक लिहा. फोनमध्ये ई-संजीवनीचं अॅप टाकून एकदा त्यांच्याच हातानं उघडून घ्या, कारण ओपीडीचा सल्ला घरबसल्याही मिळतो. अॅप झेपत नसेल तर आरोग्य सल्ल्याचा १०४ नंबर कार्डावर मोठ्या अक्षरात लिहा.

गुढीपाडव्याच्या सुमारास माणसं परतू लागतात. तीच यादी पुन्हा काढा आणि पहिल्या आठवड्यात घरी जाऊन बीपी मोजा. गोळ्यांचा डबाही उघडून बघा. किती गोळ्या उरल्या आहेत ते मोजा आणि पुढच्या कॉलवर डॉक्टरांना बीपीच्या आधी तो आकडा सांगा.