तीन इस्पिक आलं, आता ओपनरने काय बोलायचं?

ब्रिजमध्ये तुम्ही 1 इस्पिकने ओपन केलं, म्हणजे पहिली बोली लावली, पार्टनरने थेट 3 इस्पिक (इस्पिक हुकूम, नऊ हात) टाकलं, विरोधकांचे दोन्हीकडून पास. आता बोलायचं तुम्ही. दिसायला ही जागा अगदी साधी असते आणि नवीन जोड्यांचे सगळ्यात जास्त गेम (बोनस देणाऱ्या बोली, इस्पिक-बदाममध्ये चारची, म्हणजे दहा हातांची) इथेच सुटतात. मला स्टेमन, ट्रान्स्फर, ब्लॅकवुड अशा ठरावीक अर्थाच्या बोलींनी मिळून छळलं नसेल तेवढं या एका पाळीने छळलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी पार्टनरशी ठरवून घ्या की ही उडी नेमकी काय आहे. मी इथे लिमिट रेझ धरून चालले आहे: हुकमाचा चांगला सपोर्ट, बहुधा चार पानं, दहा ते बारा पॉइंट (एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1), आणि पास करायची मुभा. गोरेनच्या जुन्या पद्धतीत हीच उडी गेमपर्यंत फोर्सिंग होती, म्हणजे त्याआधी पास करता येत नसे, आणि बर्गन रेझ खेळणाऱ्यांच्यात 3 इस्पिक म्हणजे चार पानं असलेली, पण अगदी कमजोर पानं. क्लबमध्ये ऐन वेळी जुळवलेल्या पार्टनरबरोबर बसत असाल तर हे पहिल्या डावाआधीच विचारा. संकोच नको, सगळे विचारतात.

आता तो सापळा. पार्टनरने तुम्हाला एक प्रश्न विचारलाय: गेमला जायचं का? त्याचं उत्तर पास किंवा 4 इस्पिक. प्रश्नावर उलटा प्रश्न विचारायला इथे जागाच उरलेली नाही. पण हातात मधलीच पानं असली की मन राजी होत नाही. वाटतं, एखादा रंग दाखवावा, म्हणजे पार्टनर बघेल, जमलं तर 4 इस्पिक म्हणेल. म्हणून आपण 4 किलवर टाकतो. 1 इस्पिक – 2 इस्पिकनंतर 3 किलवर टाकून अशी चौकशी करता येते, तेच इथे चालेल असं वाटतं.

नाही चालत. 4 किलवर म्हटलं की तीनवर थांबायची संधी गेली, म्हणजे गेमला तर तुम्ही पोचलातच. मग त्या बोलीला अर्थ एकच उरतो: मला स्लॅममध्ये (बारा-तेरा हात) रस आहे आणि किलवरमध्ये माझा कंट्रोल (एक्का, राजा किंवा तोकडा रंग) आहे. पार्टनर तेच समजणार, आणि त्याचं बरोबरच आहे. तो खुशीत 4 चौकट दाखवेल, किंवा 4 नो ट्रंप (बिनहुकमाची बोली) टाकून एक्के विचारेल, आणि तुम्ही चौदा पॉइंटांवर 5 इस्पिकला एक हात कमी पडून बसाल. बदाममध्येही तसंच. 1 बदाम – 3 बदामनंतरचं 3 इस्पिक गेमखाली बसतं खरं, तरी बहुतेक जोड्या ते स्लॅमकडेच धरतात. 3 नो ट्रंप मात्र बोलता येतं: पानं सपाट असली, रंग सगळे अडवलेले असले, तर 'नऊ हात इथेच करू का' एवढं ते सुचवतं. शंका निवारायला तेही वापरू नका.

मग ठरवायचं कसं? फक्त स्वतःच्या पानांकडे बघून. ही दोन उदाहरणं समोर ठेवा. पहिल्यात इस्पिकचे राजा, गुलाम, अठ्ठी, छक्की, चौकी. बदामचे राजा, पंजी, तिर्री. चौकटचे राणी, गुलाम, चौकी. किलवरचे राजा, छक्की. तेरा पॉइंट. दुसऱ्यात इस्पिकचे एक्का, राजा, नव्वी, सत्ती, पंजी. बदामची एकटी चौकी. चौकटचे एक्का, दश्शी, अठ्ठी, छक्की, तिर्री. किलवरची नव्वी, दुर्री. अकराच पॉइंट.

पार्टनरकडे दोन्ही वेळेला तीच पानं ठेवा: इस्पिकचे राणी, दश्शी, तिर्री, दुर्री, बदामचे एक्का, सत्ती, छक्की, चौकटचे राजा, सत्ती, पंजी, किलवरचे राणी, अठ्ठी, चौकी. पहिल्या पानांत इस्पिक, चौकट आणि किलवरचे एक्के जातात, बदामचं तिसरं पान जातं, आणि तुमचे हात होतात नऊ. दोघांचे मिळून चोवीस पॉइंट असूनही! दुसऱ्या पानांत किलवरचे दोन आणि चौकटचा एक हात द्यायचा. विरोधकांचे इस्पिक चारही एकाच बाजूला नसले आणि चौकट तीन-दोन बसली की दहा हात पुरे, आणि पॉइंट मिळून फक्त बावीस.

लूझर (प्रत्येक रंगात पहिल्या तीन पानांपर्यंत एक्का, राजा, राणी यांपैकी जेवढे कमी, तेवढे) मोजून बघा, कारण लगेच दिसेल. पहिल्या पानांत सात, दुसऱ्यात सहा. लिमिट रेझ देणाऱ्याकडे साधारण आठ असतात. दोघांचे लूझर मिळवून चोवीसमधून वजा केले की अंदाजे हात मिळतात: सात आणि आठ पंधरा, म्हणजे नऊ हात, सहा आणि आठ चौदा, म्हणजे दहा. नऊ पानांचा हुकूम असला की हा हिशोब पॉइंटांपेक्षा कितीतरी खरा ठरतो. एक्के आणि एकेरी रंग जड धरा. रंगारंगात विखुरलेले राणी-गुलाम हलके.

'चौदा असले की गेम, बारा असले की पास' असे तक्ते व्हॉट्सॲपवर फिरत असतात. माझं स्पष्ट मत आहे, ते पाठ करू नका. सवय लागली की सुटत नाही आणि पानं बघायची नजर तयारच होत नाही. शिकवणाऱ्यांबद्दलही सांगते. डाव संपल्यावर निकालपत्रक बघून 'चार होत होते' म्हणणारे पुष्कळ भेटतील. चारही जणांची पानं समोर असताना कुणीही ते सांगेल. फक्त तुमची तेरा पानं बघून जो कारण सांगतो, त्याच्याकडून शिका.

शिवाय प्रत्येक गेम होणारच असा असायला हवा, असंही नाही. टीम मॅचमध्ये व्हल्नरेबल असताना (म्हणजे बोनस आणि दंड दोन्ही जास्त असताना) होणारा गेम सुटला तर 620 ऐवजी 170, म्हणजे 10 आयएमपी (टीम मॅचचे गुण) गेले. बोलून एक हात कमी पडला तर 140 ऐवजी उणे 100, म्हणजे 6 गेले. 38 टक्के शक्यता असली तरी बोलायला परवडतं. नॉन-व्हल्नरेबलला 45 टक्के लागतात, पेअर्समध्ये (जोड्यांच्या स्पर्धेत) निम्मी शक्यता धरा. त्यामुळे 4 इस्पिक पडलं तर मनाला लावून घेऊ नका. बरोबर बोललेले कितीतरी गेम पडतात.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. पार्टनरने 3 इस्पिक फार वेळ विचार करून टाकलं म्हणून त्याच्याकडे जास्त असेल, असं धरून गेमला जाणं. नियमात ते बसत नाही, डायरेक्टर निकाल बदलू शकतो आणि त्या टेबलावर तुमच्याबद्दलचा विश्वास जातो. त्याचा वेळ मनातून काढून टाका आणि आपली पानं बघा.

किलवर-चौकटमध्ये चित्र वेगळं आहे. तिथे गेमला अकरा हात लागतात, म्हणून 1 चौकट – 3 चौकटनंतर सगळ्यांचं लक्ष 3 नो ट्रंपवर असतं, आणि इथे मात्र विचारायला जागा असते. कमी असेल तर पास करा. जास्त असेल आणि सगळे रंग अडवलेले असतील तर सरळ 3 नो ट्रंप. एखादा रंग उघडा असेल तर जो अडवलाय तो दाखवा: 3 बदाम म्हणजे बदाममध्ये स्टॉपर आहे, काळ्या रंगांची काळजी आहे. पार्टनरकडे दोन्ही काळे रंग अडवलेले असले तर तो 3 नो ट्रंप म्हणेल. फक्त इस्पिक असलं तर 3 इस्पिक म्हणेल, आणि किलवर तुमच्याकडे असेल तर 3 नो ट्रंप तुम्ही म्हणायचं. कुणाकडेच नसेल तर 4 चौकटवर थांबा, किंवा अकरा हात दिसत असतील तर 5 चौकट.